भविष्य सांगावे तर असे!

दिवाळी अंक घरात आला की पहिले कोणते पान उघडले जाते, हे संपादकांना ठाऊक असते, अंक घरपोच टाकणाऱ्या पोऱ्याला ठाऊक असते, आणि आम्हा लेखकांनाही ठाऊक असते. फक्त आम्ही ते चारचौघांत कबूल करीत नाही. कथा मागाहून, कविता त्याहून मागाहून, आधी राशिभविष्य! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिला पुढे अनेक फळे लागली, त्यांतले हेही एक फळ. माझी त्यावर तक्रार नाही. चकलीबरोबर माणूस काहीही वाचतो.

तक्रार आहे ती एका नव्या युक्तिवादाबद्दल. अलीकडे ज्योतिषीबुवा नुसती पत्रिका मांडून थांबत नाहीत. ते विज्ञानाची साक्ष काढतात. व्यासपीठावरून, दूरदर्शन संचावरून, लग्नाच्या पंगतीतून एकच वाक्य कानांवर येते : “अहो, तुमचे शास्त्रज्ञच सांगतात की विश्वातले बहुतेक द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. डार्क मॅटर म्हणतात त्याला. मग ग्रहांचा न दिसणारा प्रभाव तेवढा खोटा कसा?” यावर टाळ्या पडतात. ज्यांनी शाळेत विज्ञान शिकवून पगार घेतला असे लोकही माना डोलावतात.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वेधशाळेशी माझा संबंध नाही. पण कादंबरीकाराला बनावट पात्र ओळखू येते आणि मास्तराला कॉपी केलेले उत्तर. बुवांचे हे उत्तर सरळसरळ कॉपी केलेले आहे. शेवटची ओळ उतरवून घेतली. वरचे गणित मात्र पेपरात नाही. ते गणित काय आहे, हे आज फराळाच्या ताटासमोर बसून पाहू या. गणित म्हटल्यावर पान उलटू नका. आकडे थोडे आहेत.

पहिल्याने नाव. मराठीत कोणी ‘कृष्णद्रव्य’ म्हणतो, कोणी ‘कृष्णपदार्थ’. दोन्ही नावे फसवी. काळी वस्तू दिसते. काजळ दिसते, कोळसा दिसतो. हे द्रव्य काळे नाही. ते उजेड देत नाही, अडवीत नाही, परतवीतही नाही. उजेड त्यातून आरपार जातो. मी आपले ‘अदृश्य द्रव्य’ म्हणेन.

मग ते आहे हे कळले कसे? १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी नावाच्या भांडखोर पण तल्लख शास्त्रज्ञाने अरुंधती-केश या तारकासमूहातल्या दीर्घिकांचा एक प्रचंड पुंज तपासला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या एकत्र बांधून राहणे शक्यच नव्हते. पुंज केव्हाच उधळून जायला हवा होता. झ्विकी म्हणाला, न दिसणारे वजन आहे. फारसे कोणी ऐकले नाही. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतला वेग मोजला. मध्यापासून दूर गेले की वेग मंदावायला हवा. तिथे तो मंदावेना. पुढे इतर दीर्घिकांतही तेच आढळले. आजचा हिशेब असा, की विश्वात जेवढे द्रव्य आहे त्याच्या सहा शेरांत पाच शेर अदृश्य आणि एक शेर आपल्या ओळखीचे. त्या एका शेरात सूर्य, तारे, तुम्ही, मी आणि हा अंक.

इथपर्यंत बुवा खूष! “पाहा, आम्ही म्हणत होतोच!” थांबा, बुवा. खरी परीक्षा पुढे आहे.

आमच्या सोनगीरला तांब्यापितळेची भांडी घडवणारे तांबट आहेत. घडवून घासून लखलखीत केलेला हंडा तांबट दाराकडे धरतो आणि हळूहळू फिरवतो. तो हंड्याकडे बघत नसतो. हंड्यात पडलेल्या चौकटीच्या प्रतिबिंबाकडे बघत असतो. चौकटीची रेघ सरळ सरकत आली तर ठीक. एखाद्या जागी ती वाकली, की तिथे पोचा आहे. पोचा डोळ्यांना दिसत नाही, रेघेचे वाकणे दिसते. आणि रेघ किती वाकली त्यावरून पोचा किती खोल हेही तो सांगतो. असाच एक म्हातारा तांबट माझे हे आकाशपुराण ऐकून मला आमच्या अहिराणीत म्हणाला होता, “मास्तर, जे दिखस नही, ते मोजतस कसं?” मी त्याच्या हातातल्या हंड्याकडे बोट केले. त्याला पुढचे सांगावे लागले नाही.

उजेडाचे वाकणे हीच ती रेघ. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे वजनदार वस्तूजवळून जाणारा प्रकाश वाकतो. सूर्याच्या कडेला घासून जाणारा ताऱ्याचा किरण पाऊणेदोन विकला वाकावा, असे गणिताने सांगितले. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला; हे पंचांग पाहणाऱ्याला सांगायला नकोच. दहा रुपयांचे नाणे तीन किलोमीटरवर धरले तर ते जेवढे दिसेल, तेवढे हे वाकणे. १९१९ च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते मोजले. गुरू ग्रहसुद्धा प्रकाश वाकवतो बरे का! सूर्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाने. म्हणजे तेच नाणे मुंबईत धरून सोनगीरहून पाहावे इतके. गुरूचा हा न दिसणारा प्रभाव शास्त्रज्ञ मान्य करतात, कारण तो किती हे त्यांना सांगता येते. बुवांच्या गुरूचा प्रभाव किती विकला, किती तोळे, किती रुपये? विचारून पाहा.

१९३६ साली रुडी मांडल नावाचा एक हौशी इंजिनियर प्रिन्स्टनला आइन्स्टाइनकडे जाऊन पोहोचला. एका ताऱ्याच्या बरोबर मागे दुसरा तारा आला, तर पुढचा तारा भिंगासारखे काम करील ना? त्याच्या आग्रहाखातर आइन्स्टाइनने एक छोटे टिपण छापले आणि त्यातच लिहून टाकले, की हा प्रकार प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही. पुढच्याच वर्षी आमचा झ्विकी पुढे सरसावला : तारे कशाला, अख्ख्या दीर्घिका भिंग म्हणून वापरा! झ्विकी बरोबर निघाला, आइन्स्टाइनची निराशा खोटी ठरली. १९७९ साली सप्तर्षींच्या प्रदेशात सहा विकलांच्या अंतरावर दोन अगदी सारखे क्वेसार सापडले. ते दोन नव्हते, एकच होता. वाटेत एक दीर्घिका भिंगासारखी आडवी आली होती, म्हणून एकाच्या दोन प्रतिमा झाल्या होत्या.

या भिंगांचे गणित करण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले कुमार चित्रे आणि त्यांचे सहकारी डी. नरसिंह व कंदस्वामी सुब्रमण्यन हे १९८० च्या दशकापासून पुढे होते. चित्रे मुंबईचे, मराठी. २०२१ मध्ये वारले. किती मराठी घरांत हे नाव ठाऊक आहे? साडेसातीची व्याख्या मात्र तिसरीतल्या पोराला पाठ असते.

पुढे मोठ्या पुंजांच्या भोवती उजेडाचे लांबलचक कंस सापडले. मागच्या दीर्घिका ताणून बांगडीच्या तुकड्यांसारख्या झालेल्या. पण सगळीकडे भिंग इतके जोरदार नसते. बहुतेक ठिकाणी मागच्या दीर्घिकेचा आकार शंभरात एखादा भाग बदलतो. आणि दीर्घिका मुळातच कुठली लांबट, कुठली आडवी; बदल कळणार कसा? यासाठी सोनगीरच्या किल्ल्यावर चढावे आणि खाली ज्वारीच्या शेताकडे पाहावे. बांधावर उभे राहून एकेक ताट पाहिले तर कोणी इकडे कलले आहे, कोणी तिकडे. वरून पाहिले म्हणजे कळते, की सगळे शेतच थोडे पूर्वेकडे झुकले आहे. एका ताटावरून वारा कळत नाही, शेतावरून कळतो. तसे लाखो दीर्घिकांचे कल मोजतात. मध्ये काही नसेल तर ते एकमेकांना खोडून टाकतील आणि बाकी शून्य उरेल. बाकी उरली, तर तेथे अदृश्य द्रव्य आहे. आणि जेवढी बाकी, तेवढे वजन. २००० साली चार निरनिराळ्या गटांनी ही बाकी मोकळ्या आकाशात मोजून दाखवली.

हे काम आज पुण्यात चालते, वाचकहो! जयंतराव नारळीकरांनी १९८८ साली उभारलेल्या आयुका या संस्थेतले सुऱ्हुद मोरे हे जपानच्या सुबारू दुर्बिणीवरच्या प्रचंड कॅमेऱ्याने केलेल्या मोजणीतले एक प्रमुख संशोधक. (सुबारू म्हणजे जपानी भाषेत आपल्या कृत्तिका.) अडीच कोटी दीर्घिकांचे आकार मोजून २०२३ मध्ये त्यांनी निकाल छापला : विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून जेवढे अपेक्षित होते, त्यापेक्षा द्रव्याच्या गुठळ्या थोड्या कमी दिसतात. म्हणजे सिद्धान्तात कुठे तरी खोट असू शकेल! हे त्यांनी लपवले नाही, शांत केले नाही, त्यासाठी कोणाला खडा घालायला सांगितला नाही. २०२५ मध्ये युरोपातल्या दुसऱ्या एका मोजणीने उलट सांगितले, की तफावत जवळजवळ नाही. दोन्ही निकाल उघड्यावर आहेत. भांडण चालू आहे.

युरोपच्या यूक्लिड या अंतराळ दुर्बिणीची हकिकत तर मला फार आवडते. १८८४ पासून माहीत असलेली एक दीर्घिका. तिच्याभोवती उजेडाचे पूर्ण कडे आहे, हे यूक्लिडने दाखवले आणि ते २०२५ मध्ये जाहीर झाले. कड्यावरून वजन काढले, तर कड्याच्या आतल्या भागात अदृश्य द्रव्य निघाले अवघे अकरा टक्के. जिथे थोडे, तिथे थोडेच सांगितले. अदृश्याच्या नावावर दुकान मांडायचे असते, तर अकरा टक्के कोणी सांगितले असते?

आता राशिभविष्यावरच येतो. सिंह राशीच्या आकाशात, उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्यापासून काही अंश उत्तरेला, दीर्घिकांचा एक पुंज आहे. त्याचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे पाच अब्ज वर्षे लागतात. त्याच्या पार मागे, नऊ अब्ज वर्षांहून जुन्या उजेडात, एक तारा फुटला. २०१४ च्या नोव्हेंबरात हबल दुर्बिणीच्या चित्रांत तो एकदा नव्हे, चारदा दिसला. पुढच्या भिंगाने त्याच्या चार प्रतिमा केल्या होत्या. नॉर्वेच्या श्यूर रेफ्सदाल यांनी १९६४ मध्येच असे घडू शकेल असे लिहून ठेवले होते, म्हणून त्या ताऱ्याला त्यांचे नाव दिले. त्या पुंजातल्या अदृश्य द्रव्याचे नकाशे मांडून बसलेल्या निरनिराळ्या गटांनी मग सांगितले : याच ताऱ्याचा उजेड आणखी एका लांबच्या वाटेने येतो आहे, तो अमुक जागी, साधारण अमुक काळात दिसेल. प्रत्येकाने आपले उत्तर आधी छापले. सगळ्यांची उत्तरे सारखी नव्हती. आणि ११ डिसेंबर २०१५ ला हबलने पाहिले, तर सांगितलेल्या जागी ठिपका उगवलेला! साडेतीनशेहून थोडे अधिक दिवस मागे पडलेला तो उजेड, म्हणजे एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीएवढे अंतर. कोणाचे उत्तर जवळ आले, कोणाचे हुकले, हेही नावानिशी छापले गेले.

याला म्हणतात सिंह राशीचे भविष्य! आजवर मी वाचलेल्या राशिभविष्यांत सिंहेला काय होते? ‘वर्षाच्या उत्तरार्धात कामांना गती येईल. प्रकृतीस जपावे.’ प्रकृतीस कोणी जपू नये? हे भविष्य चुकणारच नाही, कारण ते काही सांगतच नाही.

बुवांना कोणी संधी दिली नाही असेही नाही. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातल्या ज्योतिषांसाठी एक साधी चाचणी ठेवली. २००९ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या. कोणती कोणाची ते सांगा. अठ्ठावीस बरोबर आल्या तर पास. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत वरचा गुण चोवीस. सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या. त्यांतल्या एकशेदोन बरोबर आल्या. नाणे उडवले असते तरी शंभराच्या आसपास आल्याच असत्या. मला विद्यार्थ्याचे नापास होणे नवे नाही. नापास झालेला विद्यार्थी शाळेच्या दारात शिकवणीचा वर्ग उघडतो, हे मात्र नवे आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, करमणुकीवर एवढे कशाला तापता? तर सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात पहिली. बारावीनंतर धुळ्याला शिकायला जायचे, म्हणून तिच्या आईने भिशीतून पैसे साठवले होते. पत्रिकेत मंगळ निघाला. मंगळाची शांत, मग त्या शांतीची शांत, मग नारायण-नागबळी. भिशी त्यात संपली, आणि एवढे करूनही ‘मंगळाची आहे, लवकर उजवा’ म्हणून अठरा पुरी होताच तिचे लग्न लावले. या हिशेबात मंगळाने किती विकला वाकवले, ते मी मोजले आहे : एक अख्खा जन्म. आणि त्या घरी शांत करायला आलेल्या गृहस्थांनी माझ्यासमोर डार्क मॅटरचाच दाखला दिला होता.

दुसरीही एक जमात आहे. तिचा समाचार थोडक्यात घेतो. “हे सगळे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते!” खानदेशात हे फार ऐकू येते, कारण चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आकर्षणशक्तीविषयी लिहिले, हे खरे. त्याचा मला रास्त अभिमान आहे. प्रकाश वाकतो असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही. चांगदेव स्वतः यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, हेही खरे. पण त्याने मठ कशासाठी काढला? आजोबांचे गणित शिकवण्यासाठी. त्या मठाचा वारसा कोण चालवतो : आयुकात दीर्घिकांचे कल मोजणारा, की पाटणच्या नावावर ताईत विकणारा?

आणि अदृश्य द्रव्य कशाचे बनले आहे? कोणत्या कणांचे? आजवर एकही कण हाती लागलेला नाही. जमिनीखाली खोल खाणींत यंत्रे लावून माणसे वाट पाहत आहेत. असे द्रव्यच नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारायला हवा, असे १९८३ पासून म्हणणारे मिलग्रॉम आणि त्यांचे अनुयायी आहेत. महास्फोटाचा सिद्धान्त न मानणारे नारळीकर, तो मानणाऱ्यांना आपल्या संस्थेत मानाने जागा देत होते. या घरात शंका घ्यायला बंदी नाही. शंका हीच इथली रोजची भाकरी. बुवांच्या घरी तुम्ही शंका काढून पाहा, तुमचाच राहू बिघडलेला निघेल!

संपादकांना माझी एक सूचना आहे. राशिभविष्याची पाने काढू नका. खप पडेल आणि आमचे मानधनही. पण त्यांच्याशेजारी दोन पाने खऱ्या आकाशाला द्या. ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने स्पर्धेला पाठवणाऱ्या नारळीकरांना मराठीने २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्यामागे मराठीत हे लिहायला माणसे हवीत की नकोत? आणि वाचकही नुसते वाचून थांबायला नकोत. आयुकाच्या अनुप्रीता मोरे ज्याच्या प्रमुखांपैकी एक होत्या, त्या ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमात सुमारे सदतीस हजार सामान्य माणसांनी घरबसल्या चित्रे तपासली आणि यंत्राच्या नजरेतून सुटलेली एकोणतीस नवी भिंगे शोधून काढली. त्यासाठी पदवी लागत नव्हती, मॅट्रिकचे प्रमाणपत्रही लागत नव्हते.

तोवर एवढे करा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर निवला की नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर जा आणि डोक्यावरून थोडे उत्तरेकडे पाहा. देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग, अमावास्याच असल्यामुळे, गावाबाहेर नुसत्या डोळ्यांना दिसेल. पोरांना सांगा, वेग मंदावेना तो हिचा. आणि नरक चतुर्दशीला पहाटे उटणे लावायच्या आधी अंगणात या. पूर्वेला सिंह वर आलेला असेल, ईशान्येला सप्तर्षी उभे राहत असतील. ती १९७९ ची जोडप्रतिमा त्यांच्याच शेजारी आहे. मोठ्या दुर्बिणीवाचून दिसायची नाही, पण जागा पाहून ठेवा. तिच्या एका प्रतिमेत १९९४ च्या डिसेंबरात उजेड एकाएकी उतरला. ज्योतिर्विदांनी सांगितले, १९९६ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या प्रतिमेतही तो असाच उतरेल. उतरला. दोन वाटांतले अंतर चारशे सतरा दिवसांचे निघाले. म्हणजे यंदाच्या पहाटे एका वाटेने जो उजेड पोहोचला, तोच दुसऱ्या वाटेने पोहोचेल तेव्हा पुढल्या दिवाळीचा फराळ संपून दीड-दोन महिने झालेले असतील.